ग्रंथकार आणि त्याचें गिऱ्हाईक

जुन्या मासिकांच्या बांधीव फाइली चाळण्याचा ज्यांना नाद आहे त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. पुस्तकें बांधणारा कारागीर अंक एकत्र शिवतांना त्यांचीं वेष्टनें बहुधा काढून टाकतो. मधला मजकूर राहतो; निबंध राहतात, कविता राहतात, कादंबरीचीं प्रकरणें राहतात; परंतु वेष्टनाच्या पिंवळ्या किंवा हिरव्या कागदावर जें छापलेलें असे तें सगळें रद्दींत जातें. आणि त्या कागदावर काय काय नसे! आगाऊ वर्गणी पाठविण्याची विनंति, मागील वर्षाची थकलेली वर्गणी पाठविण्याची त्याहून नम्र विनंति, लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकांची यादी व किंमत, टपालहंशील निराळें पडेल ही सूचना, आणि 'साभार पोंच' या मथळ्याखालीं परीक्षणासाठीं आलेल्या पुस्तकांचीं नांवें. एका जुन्या ग्रंथसंग्रहांत असें एक वेष्टन फाइलींत चुकून शिवलें गेलेलें आम्हांस आढळलें. ज्या निबंधासाठीं फाईल मागविली होती तो त्या दिवशीं वाचावयाचा राहिला, आणि आम्ही तें वेष्टनच वाचीत बसलों.

आपल्या वाङ्मयाचे जे इतिहास लिहिले गेले आहेत ते बहुतेक मधल्या मजकुराचे आहेत. अमक्यानें अमुक ग्रंथ लिहिला, त्यांत अमुक विचार सांगितला, त्याचा परिणाम असा झाला, हें त्यांत सविस्तर सांपडतें. पण तो ग्रंथ निघाला आहे हें साताऱ्याच्या किंवा धुळ्याच्या वाचकास कळलें कसें, आणि कळल्यावर तो त्याच्या हातीं पडला कसा, याचा माग सहसा कोणी काढीत नाहीं. लिहिणें हें सरस्वतीचें काम आणि खपविणें हें वाण्याचें, अशी जी आपल्या शिष्टवर्गाची समजूत आहे तिचाच हा परिणाम असावा. वस्तुतः एकोणिसाव्या शतकांत मराठी ग्रंथकारास हीं दोन्ही कामें पुष्कळदां एकट्यालाच करावीं लागत. त्यानें लिहावें, पदरमोड करून छापावें, आपल्या पुस्तकाविषयीं चार ठिकाणीं चार शब्द यावेत म्हणून खटपट करावी, आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांवर आपण चार शब्द लिहून तेही लोकांपर्यंत पोंचवावे. या खटपटींत कित्येकांची अब्रू गेली, कित्येकांचा पैसा गेला. परंतु आज ज्यास आपण मराठी टीकावाङ्मय म्हणतों तें याच खटपटींतून जन्मास आलें.

आरंभीं या खटपटीची गरजच नव्हती, कारण वाचकाचीच गरज नव्हती. पेशवाईंत श्रावणमासांत पुण्यास विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी राज्य झाल्यावर ती हळूहळू आटत गेली आणि तिच्याच निधींतून १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. मराठींत चांगला ग्रंथ लिहिणारास, मग तो स्वतंत्र असो कीं भाषांतरित असो, कमिटीनें बक्षीस द्यावें अशी योजना होती. योजना हितकारक होती यांत शंका नाहीं; तिच्यामुळें कित्येक उपयुक्त पुस्तकें मराठींत आलीं. परंतु तिच्यामुळें लेखकाचें तोंड एका विवक्षित दिशेला वळलें. पुस्तक कमिटीच्या पसंतीस उतरलें म्हणजे काम झालें. मग तें कोणी वाचो वा न वाचो. गिऱ्हाईक एकच, आणि तें कचेरींत बसलेलें.

त्या गिऱ्हाइकानें परत धाडलेल्या एका पुस्तकाची हकीकत प्रसिद्ध आहे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' नांवाचें एक नाटक लिहून कमिटीकडे पाठविलें. भटभिक्षुक अडाणी कुणब्यास धर्माच्या नांवाखालीं कसा नाडतो हा त्याचा विषय होता. तें नापसंत झालें. युरोपियन सभासदांचें कांहीं न चालतां भट सभासदांच्या आग्रहामुळें तें नाकारलें गेलें, असें स्वतः जोतीरावांनीं पुढें 'गुलामगिरी'त लिहिलें आहे. दुसऱ्या बाजूची हकीकत आपल्यासमोर नाहीं. पण ज्या कमिटींत शास्त्रीमंडळींचा भरणा होता तिनें असलें नाटक बक्षिसास पात्र ठरविलें असतें तरच आश्चर्य. जोतीरावांनीं तें हस्तलिखित बाजूस ठेविलें, आणि कांहीं वर्षांनीं 'ब्राह्मणांचें कसब' हें दुसरें लहानसें पुस्तक लिहून स्वतःच्या पैशानें छापविलें. कमिटीच्या दारांतून परत फिरलेला ग्रंथकार आतां स्वतःच्या खर्चानें दुसरें गिऱ्हाईक शोधावयास निघाला.

दुसरा मार्ग आश्रयदात्यांचा. पुस्तक छापण्यापूर्वींच चार सधन गृहस्थांकडून प्रती घेण्याचें वचन मिळवावें आणि पुस्तकाच्या शेवटीं त्यांचीं नांवें छापावीं, ही पद्धत त्या काळीं सर्रास होती. या आश्रयदात्यांमध्यें लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्यासारखा पुरुष विरळा. 'प्रभाकर' पत्रांत १८४८ ते १८५० या काळांत त्यांचीं शतपत्रें आलीं. त्याच १८४८ सालीं पुण्यांत जी नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली तिच्या स्थापनेंतही त्यांचा हात होता. नव्या ग्रंथकारांच्या पुस्तकांच्या प्रती विकत घेऊन ते त्यांस हातभार लावीत. न्यायखात्यांतील मोठा हुद्देदार, स्वतः अनेक ग्रंथांचा कर्ता, आणि तरीही दुसऱ्याचें पुस्तक पैसे देऊन घेणारा. हा तिसरा गुण आजच्या ग्रंथकारांतही फारसा आढळत नाहीं, असें म्हटल्यास कोणी रागावूं नये.

मासिकें निघूं लागलीं तेव्हां हें चित्र पालटलें. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनीं जुलै १८६७ मध्यें 'विविधज्ञानविस्तार' सुरू केला. तो पुढें १९३७ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षें चालला. गुंजीकरांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी १८७१ सालीं त्यांतूनच वाचकांपुढें आली. ज्या १८६७ सालीं 'विस्तार' निघाला त्याच सालीं पुस्तकनोंदणीचा कायदा झाला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती सरकारांत दाखल कराव्या लागूं लागल्या आणि दर तिमाहीस नव्या पुस्तकांच्या याद्या प्रसिद्ध होऊं लागल्या. कोणत्या छापखान्यांत छापलें, किती प्रती काढल्या, किंमत काय, हें त्या याद्यांत नमूद असे. सरकारनें हें आपल्या सोयीसाठीं केलें, पण मराठी ग्रंथांच्या इतिहासकारावर त्यानें नकळत मोठे उपकार करून ठेविले आहेत. टपालाचीही मदत झाली. १८५४ पासून टपालाचा दर अंतरावर न राहतां वजनावर आला होता, म्हणजे पुण्याहून पुण्यांतच धाडलेल्या अंकास जें हंशील पडे तेंच नागपुरास धाडलेल्या अंकास. पुढें १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय झाली. पुस्तक हातीं घेतांना किंमत पोस्टमनजवळ द्यावयाची आणि ती पोस्टानें ग्रंथकर्त्यास पोंचती करावयाची. ज्यांनीं उधारींत पुस्तकें पाठवून वर्षानुवर्षें तगादे केले होते त्यांना ही व्यवस्था केवढी दिलाशाची वाटली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. अर्थात् व्ही. पी. परत करणारे सद्गृहस्थही तेव्हांपासूनच निर्माण झाले.

मासिकांबरोबर 'साभार पोंच' आली. ग्रंथकारानें आपली प्रत संपादकाकडे पाठवावी आणि संपादकानें ती पोंचल्याचें छापावें. सवड झाल्यास चार ओळींचा अभिप्राय द्यावा. हा व्यवहार वरवर निरुपद्रवी दिसतो, परंतु टीकेचा गळा दाबण्याची शक्ति त्यांत होती. कारण पुष्कळदां संपादक स्वतः ग्रंथकार असे, आणि ग्रंथकार उद्यां संपादक होई. आज मीं तुझ्या पुस्तकास 'भाषा सरळ व सुबोध आहे' म्हणावें, उद्यां तूं माझ्या पुस्तकास 'प्रत्येकानें संग्रहीं ठेवण्यासारखें' म्हणावें. उंटाच्या लग्नांत गाढवानें गाणें गावें व दोघांनीं एकमेकांच्या रूपाची आणि गळ्याची वाहवा करावी, ही गोष्ट संस्कृत सुभाषितकारांस ठाऊक होतीच. छापखान्यानें ती सर्वांना स्वस्त करून दिली. मग ते अभिप्राय ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीस जोडावयाचे, आणि ते वाचून तिसऱ्यानें नवा अभिप्राय लिहावयाचा.

या व्यवहाराला पहिला मोठा धक्का ज्यानें दिला तो विशी ओलांडून चारच वर्षें झालेला एक शाळामास्तर होता. विष्णु कृष्ण चिपळूणकर यांचा जन्म १८५० सालचा. वडील कृष्णशास्त्री हे त्या काळचे नामांकित पंडित. त्यांच्याकडे 'शालापत्रक' या शाळाखात्याच्या मासिकाचें काम होतें, आणि तें पुढें विष्णुशास्त्र्यांच्या हातीं आलें. कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु आणि दंडी यांजवरील त्यांचे लेख प्रथम त्यांतच आले. एरवीं धड्यांची पूर्तता करण्यासाठीं निघणाऱ्या पत्रकांत ग्रंथांचें खरें रसग्रहण येऊं लागलें, ही मोठीच गोष्ट होती. परंतु लिहिणारास आपलें मत मोकळेपणानें लिहावयाचें होतें, आणि तें छापणारे व विकत घेणारे मात्र सरकार होतें. हें जमणें शक्य नव्हतें. १८७५ सालीं शालापत्रक बंद झालें.

शास्त्रीबोवा तोंपर्यंत आपल्या वाटेला लागले होते. जानेवारी १८७४ मध्यें 'निबंधमाले'चा पहिला अंक निघाला. सात वर्षें, चौऱ्यांशी अंक, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक ओळ एका हातची. मराठी भाषेची स्थिति, लेखनशुद्धि, इतिहास, वाचन, विद्वत्त्व आणि कवित्व, मोरोपंतांची कविता, लोकहितवादी, असे विषय त्यांत आले. ग्रंथांवर टीका कशी असावी हाच एक विषय करून त्यांनीं त्यावरही लिहिलें. भिडेखातर स्तुति करणें हें ग्रंथकारावर उपकार करणें नसून वाचकाची फसवणूक करणें आहे, ही त्यांची भूमिका होती, आणि ती त्यांनीं नुसती सांगितली नाहीं तर चालविली. वडिलांच्या पिढींतील लोकहितवादींसारख्या मान्य पुरुषाचीही त्यांनीं भीड धरली नाहीं. ज्या गृहस्थानें दुसऱ्यांचीं पुस्तकें विकत घेऊन वाङ्मयास जगविलें त्याच्यावर त्यांनीं जी झोड उठविली तींत न्याय किती आणि तारुण्याचा जोर किती, याचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आमच्या मतें तारुण्याचा जोर अधिक होता.

या उद्योगांत शास्त्रीबोवांपुढें एक आदर्श होता, तो डॉक्टर जॉन्सनचा. त्याचें 'रासेलस' कृष्णशास्त्र्यांनीं मराठींत आणावयास घेतलें होतें, तें काम विष्णुशास्त्र्यांनीं पुरें केलें. मालेंतही त्यांनीं जॉन्सनचें चरित्र विस्तारानें दिलें. हा जॉन्सन लंडनमध्यें पुस्तकविक्यांच्या मजुरीवर जगलेला मनुष्य. त्यानें १७५० ते १७५२ या दोन वर्षांत आठवड्यास दोनदां 'रँब्लर' काढला. एकूण दोनशें आठ अंक, चारपांच सोडले तर सर्व त्याच्या लेखणीचे. किंमत दोन पेन्स, आणि खप पांचशेंच्या आंतबाहेर. पण ते निबंध इंग्लंडांतील गांवोगांवच्या वर्तमानपत्रांनीं उचलून आपापल्या स्तंभांत छापले, आणि पुढें ग्रंथरूपानें त्यांच्या आवृत्तींवर आवृत्ति निघाल्या. पुढें १७५५ सालीं कोश पुरा होत आल्यावर चेस्टरफील्ड नांवाच्या लॉर्डनें त्याची स्तुति केली, तेव्हां, मी बुडत होतों तेव्हां आपण कोठें होतां अशा अर्थाचें जें पत्र जॉन्सननें त्यास लिहिलें, तें इंग्रजी वाङ्मयांत आश्रयदात्यांच्या युगाचें मृत्युपत्र मानलें जातें. पुण्याच्या एका शाळामास्तरास ही हकीकत वाचून काय वाटलें असेल तें त्याच्या पुढच्या चरित्रावरून कळतें.

कारण शास्त्रीबोवा नुसतें लिहून थांबले नाहींत. लेखन लोकांपर्यंत न्यावयाचें तर नेण्याचीं साधनें आपल्या हातीं पाहिजेत, हें त्या काळच्या इतर विद्वानांपेक्षां त्यांस अधिक स्वच्छ दिसलें होतें. १८७८ सालीं चित्रशाळा निघाली, आणि रामपंचायतन किंवा नाना फडणीस यांचें चित्र घेणारें गिऱ्हाईक त्या दुकानाच्या पायऱ्या चढूं लागलें. त्याच सालीं काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक या मित्रांबरोबर 'काव्येतिहाससंग्रह' हें मासिक सुरू झालें; दप्तरांत कुजत पडलेल्या बखरी व जुनीं काव्यें महिन्याच्या महिन्यास छापून घरपोंच होऊं लागलीं. चांगलीं पुस्तकें एके ठिकाणीं मिळावींत म्हणून 'किताबखाना' नांवाचें दुकान निघालें, आणि शेवटीं आर्यभूषण छापखाना. कोणत्याही शास्त्र्याच्या घराण्यांत यापूर्वीं कोणी दुकान थाटलें नसेल. सोवळ्याच्या समजुतीप्रमाणें ही खालची पायरी. परंतु टीकाकारास ज्या गोष्टीनें स्वातंत्र्य मिळतें ती गोष्ट याच पायरीवर होती. १८७८ सालीं सरकारनें त्यांची बदली रत्नागिरीस केली आणि पुढच्याच सालीं त्यांनीं नोकरी सोडली. १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें, आणि १८८१ च्या पहिल्या आठवड्यांत 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें बाहेर पडलीं. १७ मार्च १८८२ रोजीं शास्त्रीबोवा वारले. वय अवघें बत्तीस वर्षांचेंही पुरें झालें नव्हतें.

निबंधमालेच्या वर्गणीदारांवर मात्र येथें थोडें थांबलें पाहिजे. टपालानें अंक मागविणारा, इंग्रजी शिकलेला किंवा शिकणाऱ्याचा बाप, सरकारी कचेरींत वा शाळेंत नोकरीस असलेला गृहस्थ, हा तो वर्गणीदार. त्यानें शास्त्रीबोवांना सरकारच्या आश्रयांतून सोडविलें ही गोष्ट खरी. परंतु ज्या वाटेनें लेखक वाचकाकडे जातो ती वाट ज्यांच्या दारावरून जाते तेवढेच वाचक त्यास मिळतात, आणि हळूहळू तो त्यांचाच होऊन बसतो. १८७७ सालीं मालेंत जोतीरावांच्या पुस्तकांचा समाचार घेण्यांत आला तेव्हां हें उघड झालें. त्या टीकेंत व्याकरणाच्या चुका आहेत, भाषेची टवाळी आहे, शूद्र जगद्गुरु झाला म्हणून उपहास आहे. जोतीरावांनीं जो प्रश्न विचारला होता त्याचें उत्तर तेवढें नाहीं. टीकेचा पहिला धर्म ग्रंथाचें म्हणणें समजून घेणें हा. तो ज्या टीकाकारानें आपणांस शिकविला तोच येथें तो विसरला, आणि वर्गणीदारांपैकीं फारच थोड्यांना त्याची खंत वाटली असेल.

तथापि मालेनें घालून दिलेली निर्भीडपणाची रीत फुकट गेली नाहीं. गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८३ सालीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' या नांवानें रूपांतर प्रसिद्ध केलें. त्यावर 'निबंधचंद्रिका' मासिकांत बहात्तर पानांची टीका आली. ती लिहिणारा विशींतला एक विद्यार्थी होता, त्याचें नांव हरि नारायण आपटे. साभार पोंच आणि चार ओळींचा अभिप्राय यांच्या जागीं बहात्तर पानें! शिष्यानें गुरुजनांच्या पुस्तकाचा असा पानोपानीं हिशेब घ्यावा आणि मासिकानें तो छापावा, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीं घडली नसती. हरिभाऊंनीं पुढें १८९० सालीं स्वतःचें 'करमणूक' पत्र काढून कादंबऱ्या घरोघर पोंचविल्या, तो इतिहास सर्वश्रुत आहे.

इकडे ग्रंथकारांनीं एकत्र जमावें असा विचार निघाला होता. फेब्रुवारी १८७८ मध्यें न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांनीं 'ज्ञानप्रकाशां'त आवाहन छापलें आणि ११ मे रोजीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. उद्देश व्यवहारी होता: ग्रंथकारांची एकमेकांशीं ओळख व्हावी आणि चांगल्या पुस्तकांस उत्तेजन मिळावें. आज ज्यास साहित्यसंमेलन म्हणतात त्याचें मूळ हें. मांडव, मिरवणूक आणि अध्यक्षपदाची चुरस या गोष्टी मागाहून आल्या. मुळांत ती लिहिणारांनीं आपलें लिहिलेलें खपावें कसें यासाठीं भरविलेली बैठक होती. दुसरी सभा १८८५ च्या मे महिन्यांत भरली.

या दुसऱ्या सभेचें निमंत्रण जोतीरावांस गेलें होतें. त्यांनीं जें उत्तर रानड्यांस धाडलें तें 'ज्ञानोदया'नें छापलें. ज्यांच्या ग्रंथांत मनुष्यमात्राच्या हक्कांचा विचारच नाहीं, त्यांच्या सभांशीं आणि पुस्तकांशीं आमच्या सभा व पुस्तकें मिळत नाहींत, असा त्याचा आशय होता. पुष्कळांस तें उत्तर उर्मट वाटलें, अजूनही वाटतें. परंतु तीस वर्षांपूर्वींचें तें परत आलेलें नाटक आणि मालेंतील ती टवाळी ज्यास आठवेल त्यास तें पत्र केवळ रागाचें वाटणार नाहीं. लिहिणारांच्या त्या मंडळींत जोतीरावांचें पुस्तक कोणी खपविणार नव्हतें, आणि जोतीरावांस जो वाचक हवा होता तो त्या मंडळींतल्या कोणाचेंही पुस्तक विकत घेणारा नव्हता.

त्या वाचकाला मुळीं वाचतांच येत नव्हतें. म्हणून जोतीरावांची सारी तऱ्हा निराळी. १८६९ सालीं त्यांनीं शिवाजीमहाराजांवर लिहिलें तें पोवाड्याच्या रूपांत, कारण पोवाडा कानानें वाचतां येतो. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'ची किंमत त्यांनीं गोरगरीब शूद्रातिशूद्रांसाठीं निम्मी ठेविली. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनीं १८८३ सालीं लिहिला, आणि छापण्याची वाट न पाहतां मुंबई, ठाणें, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणीं लोक जमवून स्वतः वाचून दाखविला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनींही तो ऐकला. कुणब्यांच्या बैठकींत ग्रंथकार आपलें हस्तलिखित उघडून बसला आहे, मध्येंच कोणी शंका विचारतो आहे, कोणी आपल्या गांवच्या कुळकर्ण्याची गोष्ट सांगतो आहे, हा देखावा मराठी ग्रंथांच्या इतिहासांत टपालाच्या पिशवीइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. 'दीनबंधु' पत्रानें असुडाचीं पहिलीं दोन प्रकरणें छापलीं आणि पुढचीं छापण्याचें थांबविलें. हें पत्र सत्यशोधक मंडळींचेंच. घरच्याच संपादकाचा धीर खचला. अशा भेकड छापणारांविषयीं जोतीरावांनीं आपला संताप लपविला नाहीं.

मग १८८५ सालीं त्यांनीं 'सत्सार' नांवाचें लहानसें नियतकालिक स्वतःच काढलें. त्याचे दोनच अंक निघाले. दुसऱ्या अंकांत त्यांनीं ज्या पुस्तकाची बाजू घेतली त्याची हकीकत सांगून हा लेख पुरा करूं. वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक लिहिलें. सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला होता. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांनीं सबंध स्त्रीजातीवर जें तोंडसुख घेतलें तें वाचून एका बाईनें, जे दोष तुम्ही आमच्यांत पाहतां ते तुमच्यांत नाहींत काय, असा सरळ सवाल केला. १८८२ सालीं तें पुण्याच्या शिवाजी छापखान्यांत छापलें गेलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. ताराबाईंच्या पाठीशीं कोणी कमिटी नव्हती, वर्गणीदार नव्हते, किताबखाना नव्हता. ओळखीच्या संपादकांस प्रती धाडून चार गोड शब्द मिळवावे अशी ओळखही नव्हती. पत्रांतून पुस्तकाची हेटाळणी झाली, आणि तींत जोतीरावांच्या स्वतःच्या पक्षाचे लोकही सामील झाले. जोतीरावांनीं 'सत्सारां'त त्यांना खडसावलें व पुस्तक वाचावयास सांगितलें. एका ग्रंथकारानें आपल्या पदरचे पैसे खर्चून, आपल्याच मित्रांचा रोष पत्करून, दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल लिहावें, असें उदाहरण त्या काळांत दुसरें आम्हांस आढळलें नाहीं.

त्याचा उपयोग झाला असें मात्र दिसत नाहीं. 'सत्सारा'चा तिसरा अंक निघाला नाहीं, आणि ताराबाईंचें दुसरें पुस्तक आलें नाहीं. त्या पांचशें प्रती कोणाच्या घरीं गेल्या, कोणत्या माळ्यावर राहिल्या, किती कसरीनें खाल्ल्या, याचा हिशेब कोणत्याही यादींत नाहीं. १९७५ सालीं डॉक्टर स. गं. मालशे यांनीं एक प्रत मिळवून तें पुस्तक पुन्हां छापलें. कमिटीनें परत केलेलें 'तृतीय रत्न' त्यानंतर चार वर्षांनीं, १९७९ सालीं, प्रथमच छापून निघालें.